गवंडी पाठवा, अहवाल नंतर

प्रति,
विकसनशील देशांमधल्या हवामान-अनुकूलन (म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या) सहकार्याचे कार्यक्रम आखणारे अधिकारी, त्यासाठीचा निधी सांभाळणाऱ्या संस्था आणि अभ्यासदौऱ्यांचे आयोजक

विषय: गावांनी उभी केलेली पाण्याची कामे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना काय जुळवून पाहावे, याबद्दल

सप्रेम नमस्कार.

१९६४ पासून आपला देश ‘आयटेक’ कार्यक्रमातून आशिया-आफ्रिकेतल्या देशांना प्रशिक्षण देतो आहे. १२ सप्टेंबर १९७८ ला ब्युनॉस आयर्समध्ये विकसनशील देशांनी एकमेकांना तांत्रिक मदत करण्याचा आराखडा मंजूर केला, आणि त्या तारखेला आता संयुक्त राष्ट्रांचा दक्षिण-दक्षिण सहकार्य दिन असतो. २०१७ पासून भारत-संयुक्त राष्ट्र विकास भागीदारी निधी आहे. म्हणजे इच्छा आहे, चौकट आहे, थोडाफार पैसाही आहे. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. आदर्श गावात बस येते, पाहुण्यांना फेटे बांधले जातात, शिवारफेरी दोन तासांत उरकते, सादरीकरण होते, जेवण होते आणि बस जाते. पाहुण्यांच्या वहीत बंधाऱ्याची लांबी-रुंदी असते. तो बंधारा तिथेच का बांधला, आणि शेजारच्या नाल्यावरचा का वाहून गेला, हे वहीत नसते. पाण्याच्या कामात उपयोगी पडते ते नेमके हे दुसरे.

पळसाला पाने तीनच हे खरे, पण पाण्याच्या कामाला ही म्हण लावू नये. इथे सगळे ठरते ते खडकावर आणि मातीवर.

केनियाच्या उकाम्बानी भागाचे, म्हणजे मचाकोस, मकुएनी आणि किटुई या जिल्ह्यांचे उदाहरण घ्या. तिथले वाळूचे बंधारे जगभर दाखवले जातात. कोरड्या नदीच्या पात्रात खडकावर दोन-चार मीटर उंचीची दगडी भिंत घालायची. पुराबरोबर वाळू येते आणि एक-दोन पावसाळ्यांत भिंतीमागे भरते. पाणी त्या वाळूच्या पोकळ्यांत साठते. वाळूच्या वरच्या थरातले पाणी उडून जाते, पण साठ सेंटिमीटरच्या खाली ऊन जवळजवळ पोचत नाही, त्यामुळे तिथले पाणी टिकते. दोनशे मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल वाळू साठली तर ती झाली तीन हजार घनमीटर. भरड वाळूतून त्याच्या पाव हिस्सा पाणी निघाले तरी साडेसातशे घनमीटर, म्हणजे साडेसात लाख लिटर. माणशी रोज वीस लिटर धरले तर दोनशे माणसांना सहा महिने पुरेल इतके. दगड, वाळू आणि अंगमेहनत गावाची. सिमेंट आणि लोखंड बाहेरून. गावाने मिळून काम करण्याच्या पद्धतीला कांबा भाषेत ‘म्वेथ्या’ म्हणतात. आपल्याकडे सावड आणि इर्जिक आहेत, तसलीच ती रीत.

हे ऐकून मराठवाड्यातला कुणीही म्हणेल, आमच्याकडे बांधा. बांधू नका. उकाम्बानीच्या खाली ग्रॅनाइट-नाइससारखा जुना खडक आहे. तो झिजला की भरड वाळू होते. मराठवाड्याच्या खाली बेसाल्ट आहे. तो झिजला की काळी चिकण माती होते. त्या नाल्यावर भिंत घातली तर मागे वाळू साठणार नाही, गाळ साठेल. गाळातही पाणी मुरते, पण तो ते सोडत नाही. हात घातला तर ओला लागतो, विहीर खणली तर भरत नाही.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक लिटरची प्लास्टिक बाटली घ्या, मान कापा, पात्रातली कोरडी वाळू काठोकाठ भरा. मापून पाणी ओता, पृष्ठभागावर चमकेपर्यंत. जितके ओतले तितकी पोकळी. मग तळाला खिळ्याने भोक पाडा, खाली भांडे ठेवा आणि तासभर थांबा. जितके भांड्यात उतरले तितकेच पाणी पुढे तुमच्या विहिरीत येणार. भरड वाळूत हे प्रमाण बाटलीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाते, गाळात पाच टक्क्यांवर अडते. दोन्हींत ओतलेल्या पाण्यात फार फरक नसतो, आणि फसगत इथेच होते: माणसे ओतलेले मोजतात, उतरलेले मोजत नाहीत.

मग महाराष्ट्रात हा बंधारा कुठे चालेल? शोधायचाच तर पूर्व विदर्भात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागात खाली जुना ग्रॅनाइट-नाइस आहे आणि ओढ्यांना रेती आहे. तिथेही तीन ठिकाणी घात होतो. पहिला, भिंतीची टोके काठात पुरेशी आत शिरलेली नसणे. पूर भिंत पाडत नाही, बगल देतो. एका रात्रीत काठ कापून नदी बाजूने वाहते आणि भिंत कोरड्या जागेत उभी राहते. दुसरा, पाया खडकावर न टेकता मुरमावर टेकणे. मग वरून पडणारे पाणी पायथा खणते आणि आतले पाणी खालून पळते. तिसरा, घाई. वाहून येणाऱ्या मालाबद्दल शंका असेल तर सांडवा एकदम पूर्ण उंचीला नेऊ नये. दर पावसाळ्यात साधारण तीस सेंटिमीटर वाढवावा. भिंत बुटकी असली की पुराचा वेग टिकतो, हलका गाळ वरून निघून जातो आणि जड वाळू मागे राहते. एकदम उंच भिंत घातली की पाणी संथ होते आणि गाळही खाली बसतो. केनियातल्या सगळ्यांना हे पटत नाही. पात्रात भरड वाळूच असेल तर एका दमात बांधा, असे तिथले काही जाणकार म्हणतात, आणि त्यांच्या नद्यांवर ते बरोबरही आहे. म्हणूनच बाटली आधी, नकाशा नंतर.

चौथा घात निसर्गाचा नाही. भरलेला वाळूचा बंधारा म्हणजे रस्त्याकडेला ठेवलेला रेतीचा ढीग. आपल्याकडे रेती घाटावरून रात्री काय जाते ते सांगायला नको. मकुएनी जिल्ह्यालाही नैरोबीच्या बांधकामांचा तोच जाच होता. तिथल्या जिल्हा सरकारने २०१५ मध्ये वाळू संवर्धन आणि वापराचा स्वतंत्र कायदा केला. बंधारा पाहायला जाणाऱ्या गटाने त्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या माणसाबरोबर एक पूर्ण दिवस बसावे, असे आम्ही सुचवतो. भिंतीचा नकाशा कुठेही मिळतो.

काळ्या मातीचे नाते केनियाशी कमी आणि इथिओपियाशी जास्त आहे. तिथे सुमारे सव्वा कोटी हेक्टर काळी माती आहे, आपल्यासारखीच: उन्हाळ्यात भेगा, पावसात दलदल. आपल्याकडे सोयाबीनला रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ पद्धत पसरते आहे. तिची शास्त्रीय बैठक हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत घातली गेली. इथिओपियात त्याच कल्पनेवर दोन पारंपरिक ‘मरेशा’ नांगर जोडून बैलांनी ओढायचे वरंबा पाडणारे अवजार केले: ऐंशी सेंटिमीटरचा वरंबा, चाळीसची सरी. जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते, वरंब्यावरच्या मुळांना हवा मिळते. अडचण अशी की पेरणीच्या तोंडावर बैल उन्हाळ्याने खंगलेले असतात आणि ओल्या काळ्या मातीत जोड-नांगर जड जातो. आपल्याकडे तोच पेरा ट्रॅक्टरवर होतो. ट्रॅक्टर नसलेल्या, दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यासाठी बैलचलित हलके अवजार अजून फारसे पोचलेले नाही. दोघांचे अपुरे राहिलेले काम एकच आहे. जुन्नर किंवा वाशीमचा एखादा लोहार आणि इथिओपियातला एखादा लोहार महिनाभर एका भट्टीवर बसवा. आमच्या मते त्यातून दहा कार्यशाळांपेक्षा जास्त निघेल.

उलट पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे ‘झाई’ खड्डे. याकूबा सावाडोगो या शेतकऱ्याने हे तंत्र जगापुढे आणले. २०१८ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला. वीस-तीस सेंटिमीटर रुंद आणि पंधरा-वीस खोल खड्डे, हेक्टरी दहा हजारांच्या वर, पावसाआधी खणायचे, प्रत्येकात ओंजळभर शेणखत. शेणावर वाळवी येते, ती घट्ट झालेल्या जमिनीत बोगदे पाडते आणि पाणी आत शिरते. वाळवीला कामाला लावणारी शेती आम्हाला दुसरी माहीत नाही. पण हे तंत्र वरून पापुद्रा धरलेल्या, हलक्या, लालसर जमिनीचे आहे. भारी काळ्या जमिनीत त्याच खड्ड्यात आठ-आठ दिवस पाणी उभे राहील आणि मुळे कुजतील. सह्याद्रीच्या पूर्व उताराच्या माळरानावर, मुरमाड पडीक जागेत जरूर करून पाहावे. मजुरीचा हिशेब मात्र आधी करावा: एका हेक्टरला तीनशे तासांच्या पुढे खणाई लागते.

याच बुर्किनाच्या यातेंगा भागात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पाहिली की हसू येते, इतकी ती ओळखीची आहे. १९८०च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांनी समपातळीवर दगडांच्या ओळी घालायला सुरुवात केली. उतार इतका कमी की डोळ्यांना दिसत नाही. मग पातळी कशी काढायची? पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि पाणी. आपल्याकडे श्रमदानाच्या गावांत ज्याला हायड्रोमार्कर म्हणतात आणि गवंडी ज्याला लेव्हल पाइप म्हणतो, तेच हे. खर्च काहीशे रुपये.

ही नळी कशी चुकते ते सविस्तर सांगतो, कारण समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीत खणलेले चर, फुटण्यामागे बहुतेक वेळा तीच असते. नळी भरताना नळाखाली धरली तर आत बुडबुडे अडकतात आणि एक बुडबुडा दोन-चार सेंटिमीटरचा खोटेपणा करतो. बादलीतून तोंडाने ओढून, सावकाश भरावी. चालताना दोन्ही टोकांवर अंगठा, वाचताना दोन्ही अंगठे काढलेले. एकाने काढला आणि दुसरा विसरला, ही सर्वांत नेहमीची चूक. चालताना पाणी सांडले तर दोन्हीकडे सारखेच उतरते, त्यामुळे ‘सकाळी सत्तरवर होते’ असे म्हणून जुन्या आकड्याशी जुळवू नये. दोन काठ्यांचे आकडे एकमेकांशी जुळवावेत. भुसभुशीत जमिनीत काठी रुतते. खाली चपटा दगड ठेवावा. आणि दर तासाला दोन्ही काठ्या एका जागी उभ्या करून आकडे सारखे येतात का ते पाहावे.

एवढे जपायचे कशासाठी? साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल आणि शंभर मीटर लांब सलग समतल चरात अठरा हजार लिटर पाणी मावते. त्याच चराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फक्त तीस सेंटिमीटरचा उतार राहिला तर वरचे टोक कोरडे राहते, खालचे आधी भरते आणि नऊ हजार लिटरलाच चर सांडू लागतो. सांडतो तोही एकाच जागी. पुढचा जोराचा पाऊस तिथेच घळ पाडतो आणि खालचे सगळे चर ओळीने फुटतात. गाव म्हणते, चर खणून काही होत नाही. चराचा दोष नसतो, अंगठ्याचा असतो.

आता आपण बाहेर काय दाखवतो ते पाहू. शेततळे आपण मोठ्या अभिमानाने दाखवतो. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ ची. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी ते उत्तम. पण अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी हिवाळ्यात विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. जे पाणी जमिनीखाली सावलीत, सगळ्यांचे म्हणून होते, ते एकाच्या मालकीचे होऊन उन्हात येते. तळे काठोकाठ असताना पृष्ठभाग नऊशे चौरस मीटर. रोजचे बाष्पीभवन आठ मिलिमीटर धरले तर दिवसाला सात हजार दोनशे लिटर हवेत. पाणी उतरते तसा हा आकडा कमी होतो, तरी फेब्रुवारी ते मे या काळात साठ्याचा चौथा हिस्सा सहज जातो. केनिया, टांझानिया किंवा मलावीला शेततळे सांगायचे तर हा नियम सोबत सांगायलाच हवा: आत येणारी चारी नसेल, फक्त मोटारीचा पाइप असेल, तर अनुदान नाही. हा नियम आपण स्वतः पाळत नाही म्हणून सांगायची लाज वाटत असेल, तर ती वाटू द्यावी.

कोल्हापुरी बंधाऱ्याचेही तसेच. तो दाखवताना बर्गे, म्हणजे पाणी अडवायला बसवायच्या फळ्या, कोण टाकतो, कधी टाकतो आणि पावसाळ्यात ते कुठे ठेवतात, हे दाखवा. लवकर टाकले तर परतीच्या पावसाचा पूर गाळ भरतो, उशिरा टाकले तर पाणी गेलेले असते. रबरी पट्ट्या कुजतात, लोखंडी बर्गे भंगारात जातात. पाहुण्यांना बंधाऱ्यावर उभे करून फोटो काढण्याआधी बर्ग्यांची खोली उघडून दाखवावी.

नियम हे बांधकामापेक्षा अवघड आणि त्याच्याहून महत्त्वाचे. हिवरे बाजारमध्ये कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरबंदी, ऊस-केळीवर बंधन आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, हे सगळे एकत्र आहे. त्यातले फक्त बंधारे उचलले तर हिवरे बाजार होत नाही. ताळेबंदाचे गणित सोपे आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावात चारशे मिलिमीटर पडला तर चारशे कोटी लिटर. त्यातले वाहून, उडून आणि मातीत राहून गेलेले वजा करा, पिण्याचे आणि जनावरांचे बाजूला काढा, उरले त्यात रब्बी बसवा. कठीण आहे ते ग्रामसभेत उभे राहून ‘यंदा गहू नाही’ म्हणणे, आणि मोठ्या शेतकऱ्याने ते ऐकणे.

याच बाबतीत नायजरकडून शिकण्यासारखे आहे. मरादी आणि झिंदर भागात शेतकऱ्यांनी शेतात लागवड न करता, जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे राखून झाडे वाढवली. सुमारे पन्नास लाख हेक्टरचा आकडा सांगितला जातो. कृती साधी: खुंटावरचे तीन ते पाच सरळ धुमारे ठेवायचे, बाकीचे कापायचे, राहिलेल्यांची खालची निम्मी पाने-फांद्या छाटायची, दरवर्षी एखादा धुमारा सरपणाला काढायचा. पूर्वी झाड सरकारचे मानले जाई, म्हणून शेतकरी रोपटे असतानाच उपटत; झाड शेतकऱ्याचे मानले जाऊ लागले तशी झाडे उभी राहिली. आपली कुऱ्हाडबंदी म्हणते तोडू नका. त्यांची रीत म्हणते नीट तोडा. चूल पेटवणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिले तर आम्हाला त्यांची रीत जास्त टिकाऊ वाटते.

पैशाचे थोडक्यात. २०२१ मध्ये स्थानिक नेतृत्वाखालील अनुकूलनाची आठ तत्त्वे जाहीर झाली. पहिलेच तत्त्व निर्णय सर्वांत खालच्या योग्य पातळीवर नेण्याचे आहे. केनियात इसिओलोपासून सुरू होऊन गरिसा, वजीर, किटुई आणि मकुएनीत गेलेल्या जिल्हा हवामान निधीत सत्तर टक्के रक्कम वॉर्ड समित्यांनी निवडलेल्या कामांना ठेवली होती. नेपाळने २०११ च्या हवामान धोरणात ऐंशी टक्के निधी स्थानिक पातळीवर नेण्याचे लिहिले. आपल्याकडे नाबार्ड ही अनुकूलन निधी आणि हरित हवामान निधी या दोन्ही आंतरराष्ट्रीय निधींची मान्यताप्राप्त संस्था आहे. या तिघांचे हिशेबनीस एका टेबलावर बसवा आणि एवढाच प्रश्न विचारा: गावच्या समितीकडे पावती नसेल, पण काम उभे असेल, तर तुम्ही काय करता?

आता आमची मागणी. दौऱ्यात पाच जण असावेत: एक गवंडी, पाणी समितीतली एक बाई, एक शेतकरी, एक भूजल जाणणारा आणि एक अधिकारी. या क्रमाने. दुभाषा संपूर्ण मुक्कामभर हवा, फक्त भाषणांपुरता नको. (स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात, दोन दिवसांत आपले गवंडी उरलेले हाताने बोलू लागतील, पण नियमांची चर्चा हातांनी होत नाही.) यजमान गावाने तीन फसलेली कामे दाखवणे बंधनकारक असावे. आणि भेट एक नव्हे, दोन: एक बांधताना, दुसरी पूर येऊन गेल्यावर.

हे जमते, कारण ऋतू जुळतात. उकाम्बानीत भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बांधकाम जून ते सप्टेंबरमध्ये. त्याच काळात आपल्याकडे पाऊस असतो आणि गवंडी मोकळा असतो. आपली कामे जानेवारी ते मे. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडे कोरडे असते. म्हणजे विदर्भातला गट ऑगस्टमध्ये किटुईला जाऊन भिंत बांधू शकतो, आणि किटुईचा गट जानेवारीत इकडे येताना त्या भिंतीने नोव्हेंबरचा पूर कसा पेलला ते सांगू शकतो. बुर्किना आणि नायजरचा पावसाळा आपल्याबरोबरच येतो, तिथे मात्र दोन्हीकडची माणसे एकाच वेळी अडकलेली असतात; त्यासाठी डिसेंबर बरा.

सध्या अडते ते मार्चअखेरमुळे. निधी एका आर्थिक वर्षात संपवायचा म्हणून दौरे फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबले जातात, आणि ऑगस्ट ते जानेवारी हे एक काम कागदावर दोन वर्षांत तुटते. तेव्हा निधी सलग चोवीस महिन्यांचा मंजूर करा आणि पहिला गट या ऑगस्टमध्ये पाठवा. बाटली, नळी आणि ओळंबा गवंडी स्वतःचाच घेऊन येईल. त्याच्या पासपोर्टचे काम तेवढे आत्ताच सुरू करा, त्याला वेळ लागतो.

आपले,
पाणलोट आणि भूजलाच्या कामातले काही जण